मामाजींचा विसर

बुलढाणा
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय वहिनी,

पहिला डबा पोचला. कंडक्टरने स्टँडवर उभं राहून जोरात हाक दिली, "धामणगाव बढेचा डबा कोणाचा हो?" आणि आजूबाजूच्या पोरी माझ्याकडे बघून हसल्या. हसू दे त्यांना. वांग्याची भाजी अजून कोमट होती, आणि त्यांच्या मेसची भाजी मी पाहिली आहे.

हे पत्र रिकाम्या डब्याच्या पिशवीत ठेवून संध्याकाळच्या गाडीने पाठवते आहे. तूही असंच डब्यासोबत लिहीत जा. तू म्हणशील, सगळं जग मोबाईलवर बोलतं आणि आमची नणंद कागद काळे करते. पण वहिनी, मागच्या वर्षी पुस्तक समोर आणि बोट मोबाईलवर, त्यात तलाठ्याची परीक्षा थोडक्यात गेली. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही. म्हणून मोबाईल तुझ्या हवाली करून आले. तो पूर्ण बंद मात्र ठेवू नकोस. परीक्षेच्या तारखेचा मेसेज त्याच्यावरच येणार. दिवसातून एकदा उघडायचा, मेसेज पाहायचा आणि परत तुरीच्या डाळीच्या डब्यात. बस.

इथल्या अभ्यासिकेतले सर म्हणतात, सवय मोठी लावू नका, छोटी लावा आणि मोडू नका. मी पहाटे उठते, तोंड धुते, आणि कोणाशी एक शब्द न बोलता खुर्चीत बसते. पहिले काही दिवस नुसती खिडकीकडे बघत होते. आता वाचायला लागले आहे.

बाबांना सांग, राखी नीट आहे. दादाला सांग, मला फोन लावायला घरमालकाचा नंबर शोधू नको.

तुझी,
राखी


धामणगाव बढे
१७ नोव्हेंबर

राखीताई,

तुमचं पत्र आलं अन् घरात अशी गडबड उडाली, का जशी कोर्टाची नोटीस आली. तुमचे दादा म्हने, "पत्र? काऊन? बरी हाय ना ते?" मी म्हनलं मामाजी, तुमच्या पोरीचं पत्र हाय; त्याहिनं चष्मा लावला, मंग म्हनले पूनम तूच वाच, अक्षर बारीक हाय. मी मोठ्यानं वाचलं. दाळीच्या डब्याचं तेवढं गाळून टाकलं, नाहीतं तुमचे दादा रोज डब्यात हात घालतीन.

मोबाईल जपून हाय. मी रोज दुपारी एकदा उघडते. तारखेचा मेसेज अजून नाई आला. बाकी तुमच्या मैत्रिणी डिंपलचे दहा-बारा आले, "कुठं मेली बे?" असे. ते मी वाचले नाई, आपोआप दिसले.

ताई, एक सांगू का? माह्या हातात असा मोठा मोबाईल कधी आला नव्हता. माह्याजवळ बटनाचा, तुमच्या दादाचा त्याहिच्या खिशात. काल मेसेज पाह्यला अन् चुकून बोट कुठं लागलं, तं एक बाई मेथीचे पराठे करून दाखवू राह्यली. काय सफाई तिच्या हाताची! तसेच उद्याच्या डब्यात टाकते, खाऊन सांगा. म्हनजे त्या मोबाईलचा तुमालेच फायदा.

कांद्याचं रोप मस्त आलं हाय. मामाजी रोज सकाळी घरामागच्या वावरात जाऊन वाफ्यापाशी उकीडवे बसतात अन् रोपाकडं असे पाहतात, जसा नातू झाला. मी म्हनलं मामाजी, नजर लागंन. म्हने, बापाची नजर नाई लागत.

तुमी खिडकीकडं कमी पाहा.

पूनम


बुलढाणा
२५ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

पराठे फस्त झाले. डिंपलला भेटून सांगितलं, मी मेले नाही, अभ्यासिकेत आहे. तर ती म्हणाली, एकच गोष्ट आहे.

बुधवारी मात्र डबा आला नाही. मी स्टँडवर बराच वेळ थांबले. कंडक्टरला विचारलं तर म्हणाला, "आज कोणी देलाच नाई, ताई." काही रागावून लिहीत नाही गं. एक दिवस केळी खाल्ली, त्यात काय. फक्त काळजी वाटली, घरी कोणी आजारी तर नाही ना?

इकडे गाडी रुळावर येते आहे. सरांनी आणखी एक सवय लावली, एका वेळी एकच काम. जेवताना जेवायचं, वाचताना वाचायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण करून पाहा. मला तर कळलं की मी आजवर एकही भाकर नीट चवीने खाल्ली नव्हती. तुलाही हे सांगते आहे कारण तू चुलीवर दूध ठेवून, पोळी लाटून, दादाशी भांडून, तिन्ही एकदम करतेस.

तारीख आली का?

तुझी राखी


धामणगाव बढे
२८ नोव्हेंबर

राखीताई,

बुधवारी घरी कोनी आजारी नाई. मी डबा घेऊन निंघाली होती, पन बस त्या दिवशी वेळेच्या आधीच निंघून गेली. कंडक्टर नवा असंन. असं होते कधी कधी. मले लय वाईट वाटलं, तुमी केळं खाल्लं म्हनून.

तारीख आली. उन्नीस जानेवारी. मेसेज जसाच्या तसा या कागदाच्या मागं लिहून काढला हाय.

एक वाईट बातमी हाय, सांगू का नको असं झालं होतं. कांद्याचं रोप गेलं. परवा शेतीची लाईन दिवसा होती, मोटर चालू होती, अन् रोपाकडच्या पाइपाचा वाल दुपारपासून उघडाच राह्यला. तुमचे दादा कापसाच्या वावरातून घरी आले तं वाफ्याचं तळं झालेलं. आता सारं पिवळं पडून सडून राह्यलं.

वाल मामाजीनं उघडला होता. बंद करायचा राहून गेला. पहिले म्हनले का मी पूनमले सांगतलं होतं, मंग म्हनले नसंन सांगतलं. तुमचे दादा लय बोलले त्याहिले. वय झालं आता, विसर पडते मानसाले. तुमी काळजी करू नका, अभ्यास करा. मी तं सांगनारच नव्हती.

पूनम


बुलढाणा
१ डिसेंबर

प्रिय वहिनी,

तू सांगितलंस ते बरं केलंस. बाबा विसरले, हे वाचून कसंतरी झालं. बाबा आणि विसर? पाच वर्षांमागे कोणत्या वाफ्यात कोणतं बी टाकलं ते सांगणारा माणूस. आणि मी इथे शंभर पुस्तकांतल्या तारखा पाठ करत बसले आहे, घरच्या माणसाकडे कधी लक्ष दिलं नाही. आई गेल्यापासून ते गप्प गप्प असतात, ते मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दादाला सांग, बाबांवर ओरडायचं नाही. सोबत बाबांसाठी वेगळी चिठ्ठी ठेवली आहे. त्यांचा चष्मा चालत नसेल तर तू वाचून दाखव.

राखी

(बाबांसाठी)

बाबा,
रोपाचं समजलं. मनाला लावून घेऊ नका. वय झालं की असं होतं, सगळ्यांचंच होतं. आमच्या सरांनी एक सवय सांगितली आहे, ती तुम्ही लावा. कोणतंही काम करताना ते मोठ्याने बोलायचं. "वाल उघडला." "वाल बंद केला." "कडी लावली." आपल्याच कानाने ऐकलं की डोक्यात पक्कं बसतं. मी पण करते. लाजायचं नाही. आणि जोखमीचं काम असेल तर ते दादावर सोपवा. आता तुम्ही आराम करायचा.
तुमची राखी


धामणगाव बढे
१२ डिसेंबर

राखीताई,

लिहायले उशीर झाला. डबा रोज पोचून राह्यला ना? आता मी बस यायच्या लय आधी फाट्यावर जाऊन उभी राह्यते.

तुमची चिठ्ठी मामाजीले वाचून दाखवली. "वय झालं की असं होतं" या ओळीवर त्याहिनं मले थांबवलं अन् म्हनले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचली. मंग चिठ्ठी मागून घेतली अन् बंडीच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले. "चप्पल घातली." "दार लोटलं." "बकरीले पानी पाजलं." पहिले मले हसू आलं, खोटं काऊन बोलू. मंग ते तुळशीरामच्या दुकानात गेले, अन् तिथं पैसे देताना बोलले, "पैसे देले." अन् उठताना, "उठलो." तिथल्या बसल्या पोट्ट्याहिनं ते धरून ठेवलं. आता मामाजी रस्त्यानं चालले का कोनीतरी मागून म्हनते, "कारभारीबुवा, पाय उचलला का?" पहिल्या दिवशी मामाजी हसले. दुसऱ्या दिवशीपासून दुकानात जायचं बंद केलं.

सोमवारी त्याहिनं मोटरच्या खोलीची चाबी तुमच्या दादाच्या हातात देली. म्हने, "भागवत, आता तूच पाय बा. माह्या भरोशावर नको ठेवू." तुमच्या दादानं घेतली. त्याहिले वाटलं बापाले आराम भेटला. मामाजी आता ओट्यावर बसून असतात. वावर घरामागं, दहा पावलांवर, पन तिकडं तोंड करत नाई. काल मले म्हने, "पूनम, मी जेवलो ना?" जेवले होते. समोर खरकटं ताट होतं. त्याहिले माहीत होतं हो ताई, जेवल्याचं. फक्त आता आपल्या मनावर भरोसा नाई राह्यला, दुसऱ्याले इचारून पक्कं करतात.

ते चिठ्ठी तुमी नको लिहायले पायजे होती. नाई, तुमची काई चूक नाई. तुमी चांगल्यासाठीच लिहिली. मलेच काई सुचून नाई राह्यलं.

तुमचा अभ्यास चांगला चालू ठेवा.

पूनम


बुलढाणा
१५ डिसेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र अभ्यासिकेत वाचलं आणि तिथेच रडले. बाजूची पोरगी म्हणाली, कोणी गेलं का?

मी ठरवलं आहे. येत्या रविवारी सामान घेऊन घरी येते. बाबांना आधी इथे दवाखान्यात दाखवू, नाहीतर अकोल्याला नेऊ. जेवलो का ते विचारतात म्हणजे हे साधं नाही. परीक्षा पुढच्या वर्षी पण असेल. नसली तर नसली. बाप ओट्यावर बसून विचारतो मी जेवलो का, आणि मी इकडे कोणत्या सालात कोणता कायदा झाला ते घोकते, असली नोकरी घेऊन मी काय करू? पहाटे उठायची सवय, एका वेळी एकच काम, सगळं लक्ष फक्त स्वतःकडे. घराकडे लक्ष द्यायची एक सवय लावली असती तर.

दादाला सांगून ठेव. आणि तू आहेस म्हणून बाबांचं निभावतंय, हे मी विसरणार नाही.

राखी


धामणगाव बढे
१६ डिसेंबर

राखीताई,

तुमी येऊ नका. सामान बांधलं असंन तं सोडा. पहिले हे पूर्न वाचा, मंग मले काय म्हनायचं ते म्हना.

मामाजी काईच विसरले नव्हते.

त्या दिवशी दुपारी मामाजी किसनरावच्या घरी तेरवीले निंघाले. जाता जाता ओट्यावरून म्हनले, "पूनम, रोपाचा वाल उघडा हाय, थोड्या वेळानं बंद कर." मी आतून "हाव, करते" म्हनलं. मान वर केली नाई. माह्या हातात तुमचा मोबाईल होता. तुमी सांगतलं होतं एकदा उघडायचा, मेसेज पाहायचा अन् ठेवून द्यायचा. मी पहिला आठवडा तसंच केलं, देवाशपथ. मंग पराठे पाह्यले, मंग कोनाचं तरी घर लावनं पाह्यलं, अन् मंग एक सासूसुनेची गोष्ट लागली, तुकड्या तुकड्यात. एक तुकडा संपला का दुसरा आपोआपच सुरू. मी म्हनत होती, हा झाला का उठते. बुधवारची बसही अशीच गेली होती. बस वेळेवरच होती, ताई. कंडक्टरही जुनाच. मीच घरी बसली होती अन् तुमाले खोटं लिहिलं.

वालाची आठवन मले तुमच्या दादाच्या आवाजानंच झाली. ते वावरातून ओरडत आले, "कोनं ठेवला वाल उघडा?" मामाजी तवाच तेरवीहून आले होते, पाय धुवून राह्यले होते. ते म्हनले, "म्या तं पूनमले सांगतलं होतं." दोघंही माह्याकडं पाहाले लागले. मोबाईल माह्या पदराखाली होता, गरम झाला होता. अन् माह्या तोंडातून निंघालं, "मले नाई सांगतलं, मामाजी."

एवढंच. एवढं एकच वाक्य. मले वाटलं ते चिडतीन, म्हनतीन काऊन खोटं बोलतं वं? ते चिडले असते तं मी कबूल केलं असतं, असं मी मनाले सांगते. पन ते माह्याकडं पाहत राह्यले अन् हळूच म्हनले, "मंग नसंन सांगतलं." त्याहिले माह्यापेक्षा स्वतःवरच संशय आला. सून खोटं बोलंन हे त्याहिच्या डोक्यातच आलं नाई.

तुमचे दादा बापाले वाट्टेल तसं बोलले अन् मी चहा ठेवला. त्या रात्रीच सांगू म्हनलं, भेव वाटलं. सकाळी सांगू म्हनलं, तं तुमाले पत्र लिहायचं होतं, त्यातही तेच खोटं लिहिलं. मंग तुमची चिठ्ठी आली अन् मले माह्याच तोंडानं वाचून दाखवा लागली. वय झालं की असं होतं. दोनदा वाचली मी, ताई.

आता तुमी परीक्षा सोडून येता म्हनता. रोप तं गेलंच, मंग एका वाक्यानं मामाजीचा स्वतःवरचा भरोसा गेला, अन् आता तुमची नोकरी. हे मले सहन नाई होत. मी लय हलकी बाई निंघाली.

पूनम


बुलढाणा
१७ डिसेंबर

वहिनी,

काल दिवसभर पेन हातात धरवला नाही. तुझा इतका राग आला की डबा उघडला नाही, तसाच डिंपलला दिला.

मी येत नाही. आले तर दादासमोर काय बोलेन त्याचा भरोसा नाही. आणि तुझ्या एकटीवर ओरडून मी मोकळी होऊ शकत नाही, हाच त्रास आहे. तू एक वाक्य बोललीस, पण त्यावर शिक्का मीच मारला. बाबांना एकदाही विचारलं नाही, की बाबा, काय झालं होतं? तू लिहिलंस आणि मी लगेच मान्य केलं. उलट त्यांना वेड्यासारखं मोठ्याने बोलायला लावलं. मुलगी बुलढाण्याला शिकते म्हणून त्यांनी ते केलं. गाव हसलं तरी केलं.

मोबाईल नको म्हणून मी तो घरात तुझ्या गळ्यात बांधला. मला आवरत नव्हता, तो तुला आवरेल असं कसं वाटलं मला?

ते काही असो. तू बाबांना सांग. पत्राने नाही, तोंडाने. दादा समोर असताना सांग. जितक्या लोकांसमोर ते खोटं बोललीस तितक्या लोकांसमोर. झालं की मला लिही. तोवर डबा पाठवू नकोस, मी मेसमध्ये जेवते.

राखी


धामणगाव बढे
२४ डिसेंबर

राखीताई,

तुमी नको म्हनलं तरी डबा पाठवून राह्यली. खाऊ वाटलं तं खा, नाईतं डिंपलले द्या.

मी सांगतलं. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी, संध्याकाळी, दोघं जेवाले बसले तवा. वाढता वाढता नाई, ताट वाढून झाल्यावर खाली बसून सांगतलं. मोबाईल समोर ठेवला. "मामाजी, तुमी मले वाल बंद कर म्हनलं होतं. मी हाव पन म्हनलं होतं. मी हे पाहत बसली होती अन् तुमच्यावर खोटं टाकलं. तुमी काईच विसरले नाई."

तुमच्या दादाचा घास हातातच राह्यला. मंग जे बोलले ते इथं लिहीत नाई. ताट सरकवून उठले. तवापासून माह्याशी बोलत नाई, अन् ते बरंच हाय, मले त्यानं थोडं हलकं वाटते. त्याहिनं चाबी आनून मामाजीपुढं ठेवली, म्हनले, "बाबा, माफ करा, म्या उगाच बोललो."

मामाजीनं चाबीले हात नाई लावला. ते माह्याकडं पाहून हसले. ताई, ते हसू तुमी पाहाले पायजे होतं. म्हने, "राखी सामान घेऊन येनार होती ना? तिची परीक्षा बुडू नये म्हनून तुमी दोघीनं हे जमवलं. मले समजते."

मी म्हनलं, नाई हो मामाजी, खरंच सांगतलं होतं तुमी. ते म्हनले, "त्या दिवशी तं तू म्हनली, नाई सांगतलं. तवा तुले खोटं बोलायचं काय कारन होतं? आज हाय." मी मोबाईल दाखवाले गेली, त्यात त्या दिवशीचं सारं दिसते म्हने. तं म्हनले, "त्या डबड्यातलं मले काय दाखवतं. ठेव ते." मी पाय धरले. मी रडली. जितकी रडली तितकं त्याहिले पक्कं वाटलं का सून आपल्यासाठी स्वतःवर ओढवून घेऊन राह्यली. डोक्यावर हात ठेवला अन् म्हनले, "असं नको करू बाई. म्हातारपन आलं तं आलं."

आता मी रोज सकाळी त्याहिले वावरात नेते. चला मामाजी, मले वाल उघडता येत नाई, असं म्हनते. येतात. वाल उघडतात, बंद करतात, हात अजून तसाच चालते. पन बंद केल्यावर माह्या तोंडाकडं पाहतात. मी हाव म्हनलं का मंगच तिथून हलतात. मी न पाहता नुसतं हाव म्हनलं होतं, त्या माह्या 'हाव'वर हा मानूस आता चालते.

तुमी उन्नीस तारखेले पेपर द्या. चांगला द्या. नाई देला तं त्याहिले वाटंन आपल्या विसरानं पोरीचं वर्ष गेलं, अन् ते मले कोनत्याच तोंडानं खोडून काढता येनार नाई.

रोज संध्याकाळी जेवताना मामाजी मले इचारतात, "पूनम, आज मी काय काय विसरलो?"

मी म्हनते, "काईच नाई, मामाजी."

ते भाकर मोडतात अन् तुमच्या दादाले सांगतात, "लय गुनाची हाय हे. सांगत नाई."

पूनम